लेव्हलनाना

उघडं बॉनेट दिसलं की काही माणसांची पावलं आपोआप तिकडं वळतात. गाडी कुणाची, बिघाड कशात, आपल्याला त्यातलं ओ की ठो कळतं का, असले प्रश्न त्यांना पडत नाहीत. हात पाठीमागं बांधायचे, मान आत घालायची, दोनदा ‘हं’ म्हणायचं आणि “बॅटरी असणार बघा” असं सांगून भाजी आणायला जायचं. सांगलीत ही जमात भरपूर आहे. आमच्या सोसायटीतले नाना मात्र त्यातले नव्हेत, कारण नाना भाजी आणायला जात नाहीत. ते तिथंच थांबतात, सदऱ्याच्या बाह्या दुमडतात, खिशातून चौकोनी घडीचं पांढरं फडकं काढतात आणि मालकाला विचारतात, “ऑइल कधी बघितलंस?”

“सर्व्हिसिंगला टाकली होती तेव्हा.”

“ते त्यांनी बघितलं. तू कधी बघितलंस?”

इथं माणूस अडकतो. पुढचा पाऊण तास त्याचा स्वतःचा उरत नाही.

नाना पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी पातळ्या वाचण्यात गेली. धरणाची पातळी, कालव्याची पातळी, नदीची पातळी. वेळेवर वाचायची, वहीत लिहायची, वर कळवायची. सांगलीत पातळीचं महत्त्व कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. पावसाळ्यात इथली माणसं एकमेकांची तब्येत नंतर विचारतात, आधी विचारतात, “आयर्विनला किती झालं?” आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ असतं. अशा गावात जन्म, अशा खात्यात नोकरी, आणि एके दिवशी नारळ-शाल देऊन सांगितलं गेलं की उद्यापासून तुम्हाला वाचायला पातळी नाही. बाकीचे निवृत्त लोक हास्यक्लबात गेले. नानांनी आपल्या मारुतीचं बॉनेट उघडलं आणि त्यांना आत एक पट्टी सापडली. पट्टीवर दोन खुणा होत्या. खाली मिन, वर मॅक्स.

“हे आपल्याच खात्याचं काम आहे,” नाना म्हणाले, आणि नवीन वही आणली.

तेव्हापासून मिन हा त्यांचा मृतसाठा आणि मॅक्स ही पूर्ण संचय पातळी. सोसायटीतल्या प्रत्येक गाडीचा उपयुक्त साठा त्यांच्या वहीत टक्क्यांत आहे. जिन्यात गाठ पडली की नमस्कार-चमत्काराच्या जागी ते आकडाच सांगतात. “तू बेचाळीसवर आलायस. लक्ष दे.” सोबत शाळकरी पोरगं असलं तर ते बापाकडं बघायला लागतं. त्याला वाटतं, बाबांचाही निकाल लागला.

अंदाज हा शब्द नानांना वर्ज्य. ‘अंदाजे बरं आहे’ म्हणणाऱ्या माणसाकडं ते ज्या नजरेनं बघतात, त्या नजरेनं मी एरवी फक्त इन्कमटॅक्सवाल्यांना बघताना पाहिलंय. पट्टी वाचण्याची त्यांची रीत ठरलेली आहे आणि तिच्यातली एकही पायरी गाळलेली त्यांना चालत नाही. गाडी थोडी फिरवून आणायची, म्हणजे ऑइल गरम होऊन पातळ होतं. मग सपाट जागेवर उभी करायची, हँडब्रेक ओढायचा, इंजिन बंद करायचं आणि थांबायचं. गंमत इथंच आहे, कारण लोक थांबत नाहीत. इंजिन चालू असताना पंप ऑइल वर चढवत असतो. बंद केल्याकेल्या बघितलं तर बरंचसं ऑइल अजून वरच्या भागातच असतं आणि खाली चेंबरमध्ये पट्टी कोरडी निघते. माणूस घाबरतो, डबा आणतो, ओततो. दहा मिनिटांनी वरचं खाली येतं आणि मॅक्सची खूण बुडून जाते.

“महाबळेश्वरला पडलेला पाऊस कोयनेत यायला वेळ लागतो की नाही?” नाना विचारतात. “मग? पाणलोटाला वेळ द्यायला नको?”

वेळ पाच ते दहा मिनिटांचा द्यायचा असतो. काही कंपन्या थंड इंजिनावर बघा म्हणतात, तिथं नाना गाडीचं पुस्तक प्रमाण मानतात. आणि गाडीचं पुस्तक वाचणारा मी पाहिलेला हा एकमेव माणूस. पण त्या दहा मिनिटांत करायचं काय? नाना कोयनेच्या लेक टॅपिंगची हकिगत सांगतात. १९९९ साली मार्चमध्ये शिवसागर जलाशयाच्या तळाखालून बोगदा नेऊन, मधला शेवटचा खडक सुरुंगानं उडवून पाणी आत घेतलं, तेव्हा नाना तिथं होते. निदान जवळपास होते. बोगद्याचं खोदकाम सुरू होतं तेव्हा आठ मिनिटं झालेली असतात, सुरुंग उडतो तेव्हा चाळीस. तोवर इंजिन गार पडतं आणि नाना म्हणतात, “आता परत एक चक्कर मारून आण.”

सपाट जागा हे आणखी एक प्रकरण. आमच्या पार्किंगला उतार आहे. पावसाचं पाणी जावं म्हणून तो मुद्दाम ठेवलाय असं बिल्डरनं सांगितलं होतं. पाणी उतार चढून लिफ्टकडं जातं, हा भाग निराळा. गाडीचं तोंड चार बोटं खाली असलं तरी चेंबरमधलं ऑइल एका अंगाला जमतं आणि पट्टी खोटं बोलते. म्हणून नानांनी गवंड्याची पाणसळ घेऊन सगळं पार्किंग मोजून काढलं. मीटररूमसमोर एका गाडीपुरती जागा सपाट निघाली. तिथं त्यांनी पांढऱ्या रंगाचा चौकोन आखला आणि आत लिहिलं, ‘फक्त वाचनासाठी’. नवीन भाडेकरूंच्या पोरांनी तिथं वर्तमानपत्रं घेऊन बसायला सुरुवात केली. गणपतीत मांडव नेमका तिथंच पडतो, त्यामुळं दहा दिवस वाचन बंद असतं. त्याबद्दल नानांची तक्रार नाही. “मूर्ती लेव्हलमध्ये बसते,” ते समाधानानं सांगतात.

मग पट्टी बाहेर येते. पिवळ्या किंवा केशरी कडीत बोट अडकवून नाना ती ओढतात, तिच्याकडं न बघता फडक्यानं टोकापर्यंत पुसतात. नवख्याला हे कळत नाही. “अहो नाना, बघितलं नाहीत!”

“पहिलं वाचन धरायचं नसतं.”

चालत्या गाडीत ऑइल नळीभर उडालेलं असतं, पट्टी वरपर्यंत बरबटलेली असते. पुसायची, पुन्हा आत शेवटपर्यंत दाबायची, बाहेर काढून आडवी धरायची आणि दोन्ही बाजूंनी बघायची. एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी दिसलं तर कमी ते खरं; जास्तीचं नळीच्या भिंतीला घासून आलेलं असतं. पुसायला सुती फडकंच लागतं, आणि त्याचे दोरे सुटलेले चालत नाहीत, कारण दोरा पट्टीबरोबर आत जातो. नानांकडं अशी फडकी ढीगभर आहेत. नानींचं म्हणणं, त्यातली निम्मी धोतरं फडकी व्हायच्या वयाची नव्हती.

नानींचं आणखीही बरंच म्हणणं आहे. “दुसऱ्याच्या गाडीत किती तेल आहे ते टक्क्यात ठाऊक. घरातला गोडेतेलाचा डबा कुठवर आलाय, ते एकदा तरी बघितलंय काय?” नानांनी एकदा खरोखर बघितलं. डबा पारदर्शक नसल्यामुळं आत बांबूची काडी घातली, काडीवर खुणा केल्या आणि मिनच्या खुणेला आल्याशिवाय नवा डबा आणायचा नाही असं सांगितलं. त्या दिवशी स्वयंपाक मिनच्याही खाली गेला. पुन्हा त्यांनी त्या खोऱ्यात लक्ष घातलं नाही.

ऑइल कमी पडण्यापेक्षा जास्त होण्याची नानांना जास्त भीती. आपल्याकडं ‘भरपूर’ हे चांगलंच असतं असा एक समज आहे, आणि आमच्या सोसायटीत त्या समजाचे अध्यक्ष म्हणजे मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारी, शेठ. शेठच्या घरी चहासुद्धा बशीत सांडेपर्यंत मिळतो. त्यांच्या भल्या थोरल्या डिझेल गाडीची पट्टी अर्ध्यावर आल्याचं नानांनी त्यांच्या ड्रायव्हरच्या कानावर घातलं. खरं तर अर्धं म्हणजे काही काळजी नव्हती. बहुतेक गाड्यांत मिनपासून मॅक्सपर्यंत लिटरभराच्या आसपास ऑइल मावतं, लहान गाड्यांत त्याहून कमी. अर्ध्यावर असेल तर अर्धा लिटर घालायचं, तेही एकदम नाही. दोनशे मिली ओतायचं, थांबायचं, बघायचं, पुन्हा थोडं ओतायचं आणि मॅक्सच्या जरा खालीच हात आवरायचा. पण निरोप ड्रायव्हरमार्फत शेठकडं गेला. शेठ म्हणाले, “आपल्याकडं अर्धं काही ठेवायचं नाही. भर.” साडेतीन लिटरचा डबा होता. उरलेलं ठेवायचं कुठं, म्हणून ड्रायव्हरनं सगळा रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू झाली आणि पार्किंगमध्ये निळसर धुराचे लोट उठले. वॉचमननं डासांची फवारणी समजून पोरांना आत हाकललं. नाना मात्र बनियनवरच धावत खाली आले आणि ओरडले, “बंद करा! सांडवा चालू झालाय!”

मग त्यांनी शेठना शांतपणे समजावलं, म्हणजे शेठचा रक्तदाब वाढेल एवढ्या तपशिलात समजावलं. इंजिनाच्या तळाशी ऑइल असतं आणि त्याच्या वर क्रँकशाफ्ट मिनिटाला हजारो फेरे घेत असतो. त्यानं ऑइलला शिवायचं नसतं. पातळी वर आली की तो त्यातच बुडून घुसळायला लागतो, ऑइलचा फेस होतो, पंप फेस ओढतो, आणि फेस दाब धरत नाही. बेअरिंगांना ऑइल हवं असतं, हवा नको. म्हणजे चेंबर काठोकाठ भरून इंजिन तहानेनं मरतं. वर फुगलेलं ऑइल वाफेच्या नळीवाटे हवेच्या वाटेत जातं आणि तिथून सिलिंडरमध्ये जळतं, तो हा धूर. डिझेल गाडीत तर प्रकरण याहून वाईट थराला जाऊ शकतं. इंजिन स्वतःचंच ऑइल इंधन म्हणून प्यायला लागलं की चावी बंद करूनही थांबत नाही.

“म्हणजे जास्त झालं तरी कमीच?” शेठनी विचारलं.

“जास्त झालं म्हणूनच कमी,” नाना म्हणाले.

मिरजेहून मिस्त्री आला, खालचा नट सैल केला. नानांच्या वहीतली त्या दिवसाची नोंद मी स्वतः वाचली आहे: ‘सायं. ५ वा. विसर्ग सुरू. ३ लि. सखल भागात गाडी लावलेल्या रहिवाशांना सतर्कतेचा इशारा.’ काढलेलं ऑइल शेठच्या मळ्यावर गेलं आणि गोठ्याच्या वाशांना वाळवी लागू नये म्हणून फासलं गेलं. शेठ आजही सांगतात, एवढ्या महागाचा रंग दिलेला गोठा जिल्ह्यात दुसरा नाही.

हा मिरजेचा मिस्त्री नानांना वचकून असतो. “नाना लांबनं दिसलं की मी जेवायला जातो,” असं तो म्हणतो. पण ऑइल कुठलं घालायचं यावर दोघांचं एकमत आहे: पुस्तकात लिहिलंय ते. पूर्वी गॅरेजात डबा एकच असायचा, २०डब्ल्यू-४० किंवा त्याचा थोरला भाऊ, आणि तो फियाटपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना चालायचा. आता ५डब्ल्यू-३० आहे, ०डब्ल्यू-२० आहे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला पातळपणा सांगतो, नंतरचा तापल्यावरचा दाटपणा. नव्या इंजिनांतल्या फटी इतक्या बारीक आहेत की दाट ऑइल तिथं वेळेवर पोचत नाही. हे दुसऱ्या मजल्यावरच्या पोराला पटलं नाही. त्यानं बापाच्या कारमधून उरलेलं ऑइल आपल्या बुलेटमध्ये घातलं. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, आणि मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये भिजत असतो. त्याला घर्षणच हवं असतं. पोरगं ॲक्सिलरेटर पिळायचं, इंजिन डरकाळी फोडायचं आणि बुलेट मुंजीच्या घोड्याच्या चालीनं जायची. नानांनी त्याला बोलावून पहिल्या महायुद्धातल्या विमानांची गोष्ट सांगितली. त्या काळी विमानांच्या गरगर फिरणाऱ्या इंजिनांना एरंडेल घालत. ते पुरतं जळायचं नाही, धुरातून थेट वैमानिकाच्या नाकातोंडात जायचं. शत्रू परवडला पण पोट आवरत नाही, अशी त्या शूरांची अवस्था व्हायची. “चुकीच्या ठिकाणी गेलेलं ऑइल काय करतं ते इतिहासात आहे,” नाना म्हणाले. पोरानं त्याच संध्याकाळी ऑइल बदललं. एरंडेलाचा उल्लेख आमच्या पिढीला पुरायचा. अजूनही पुरतो हे पाहून बरं वाटलं.

आता नानांच्या गाडीबद्दल. पांढरी मारुती ८००, १९९८ साली खात्याकडून अग्रिम घेऊन घेतलेली, तीन सिलिंडर, ७९६ सीसी. तिचं ऑइल कायम ९५ टक्क्यांवर असतं. “बघा, थेंब खात नाही,” नाना सांगतात. खाणार कुठून? ती कुठं जातच नाही. पट्टी वाचण्यापुरती ती सोसायटीला एक फेरी घालते आणि चौकोनात परत येते. अशा गाडीचंही ऑइल वर्षाला बदलावं लागतं, कारण थोडं थोडं चालणाऱ्या इंजिनात पाण्याची वाफ साठते आणि ती उडून जाण्याइतकं ते तापत नाही. नाना दर दसऱ्याला ते बदलतात. काढलेलं ऑइल इतकं स्वच्छ असतं की मिस्त्री ते उजेडात धरून उसासा टाकतो.

तीच मारुती २०१९ च्या ऑगस्टमध्ये एकदा खरोखर गावाला गेली. आयर्विनला ३५ फूट झाल्याचं कळताच नानांनी ती बाहेर काढली आणि मिरजेला भाच्याच्या अंगणात नेऊन ठेवली. इशारा पातळीसुद्धा आली नव्हती. सोसायटी हसली. २००५ ला आलं होतं तेवढंच येईल, तेव्हा पार्किंगच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं, असा सगळ्यांचा अंदाज होता. अंदाज ५७ फुटांच्या वर गेला. आम्ही गच्चीवर, गाड्या पाण्याखाली, आणि नाना कठड्याला धरून शेजारच्या इमारतीला ओरडून सांगताहेत, “पाणी उतरलं की कुणी चावी फिरवायची नाही!” बचावाची बोट खालून गेली तेव्हा तीत बसलेल्यांनाही त्यांनी हेच सांगितलं. त्यांच्यापैकी एकाकडं सायकल होती म्हणे.

पाणी उतरलं आणि नानांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा वाचनाचा आठवडा सुरू झाला. नाकाला फडकं, पायात गमबूट, हातात वही. पट्टी काढली की निदान जागेवर. ऑइल दुधाच्या कॉफीसारखं दिसलं की पाणी मिसळलं. पाणी ऑइलहून जड, ते तळाशी बसतं आणि ऑइलला वर उचलतं, त्यामुळं पट्टी मॅक्सच्या कितीतरी वर ओली निघायची. “साठा शंभर टक्के, पण धरण कुणाचं ते विचारू नका,” नाना म्हणायचे. बॅटरी सोडवा, ऑइल काढा, फिल्टर बदला, नवं भरा, थोडं फिरवून तेही काढा, पुन्हा भरा, असा त्यांचा हुकूम असे. आणि सिलिंडर उघडून बघितल्याशिवाय स्टार्टर नाही. हवा दाबता येते, पाणी दबत नाही. पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हटत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी मात्र ‘एकदाच, फक्त लागते का बघू’ म्हणून चावी फिरवली. आतून एक आवाज आला, तो डॉक्टर असूनही त्यांना ओळखता आला नाही. विम्याच्या माणसानं येताक्षणी पहिला प्रश्न विचारला, “पाण्यानंतर गाडी चालू केली होती का?” डॉक्टर खरं बोलणारे निघाले, ते त्यांना महागात पडलं. नानांनी त्यांना एका शब्दानं टोमणा मारला नाही. वहीत त्या गाडीपुढं मात्र लिहिलं, ‘मानवनिर्मित’.

गाडीतला तो लाल दिवा, ऑइलच्या झारीचं चित्र असलेला, तो लागला की बघू असं म्हणणारा एक वर्ग आहे. त्याला नाना सांगतात, “दिवा दाबाचा आहे, पातळीचा नव्हे. इशारा पट्टीवर मिळतो. दिवा लागला म्हणजे पाणी गावात शिरलं. तिथंच थांबायचं आणि इंजिन बंद.” लोकांना हे पटतं. पण नानांना न पटणारी एक गोष्ट मागच्या दिवाळीत पुण्याहून आली. त्यांच्या मावसभावाचा मुलगा नवी जर्मन गाडी घेऊन आला. नानांनी फडकं काढलं, बॉनेट उघडायला लावलं आणि शोधायला लागले. आत सगळीकडं काळी प्लॅस्टिकची झाकणं. पट्टी नाही.

“नाही काका. यात पट्टीच नसते. स्क्रीनवर दिसतं. हे बघा, ओके.”

“कोण म्हणतंय ओके?”

“स्क्रीन.”

“तिला कुणी सांगितलं?”

“सेन्सरनं.”

“आणि सेन्सर बरोबर सांगतोय हे कशावर बघायचं?”

मुलगा स्क्रीनकडं बघत राहिला. नानांनी फडक्याची घडी घातली आणि बॉनेट स्वतःच्या हातानं हलकेच बंद केलं. नोकरीत असताना एका नाल्यावर पाणी मोजायचं यंत्र बसवलं होतं. भर उन्हाळ्यात, कोरड्या नाल्यात, ते आठवडाभर पूर दाखवत होतं. आत गांधीलमाश्यांचं पोळं निघालं. हे नानांनी त्या मुलाला सांगितलं नाही, दिवाळी होती. पण तेव्हापासून वहीत एक रकाना वाढला आहे: ‘ऐकीव’.

या सगळ्याचा कळस झाला भाचीच्या स्थळाच्या वेळी. जयसिंगपूरची माणसं, मुलगा पुण्यात नोकरीला. अनुभवी माणूस म्हणून नानांना सोबत नेलं होतं. पोहे आले, पगार झाला, पत्रिका झाली. नाना हात धुवायला म्हणून उठले ते आलेच नाहीत. अंगणात मुलाची डिझेल गाडी उभी होती. मुलगाही त्यांना शोधायला गेला आणि तोही आला नाही. खिडकी उघडी होती. आत दोन्हीकडच्या बायका बसलेल्या, आणि बाहेरून नानांचा खणखणीत आवाज.

“रंग काळाच आहे.”

मुलाच्या आत्या ताठ झाल्या. “काळा कुठला? सावळा आहे.”

“पण रंगावर जायचं नसतं,” बाहेरून आवाज आला. “आतली सगळी काजळी पोटात धरून ठेवतो तो काळाच पडणार.”

आत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “लहानपणापासून सोसलंय हो पोरानं,” त्या हळूच म्हणाल्या.

“चिकटपणा चांगला आहे. वासही बरा.”

भाचीनं पदरात तोंड लपवलं. लाजून असावं, असं सगळ्यांनी धरलं.

“पातळी मात्र फारच खालावलीय. मृतसाठ्यावर चाललंय सगळं. आईबापांनी लक्ष दिलं नाही की स्वतः?”

आता मुलाचे वडील उठले. पुढं काय झालं असतं कुणास ठाऊक, पण तेवढ्यात बाहेरून मुलाचा आवाज आला. “खरं सांगू काका? मला बघताच येत नाही. कधी बघितलंच नाही. शिकवता का?”

नानांना असा माणूस उभ्या आयुष्यात भेटला नव्हता. त्यांनी फडकं त्याच्या हातात दिलं. अर्ध्या तासानं दोघं आत आले, चारही हात काळे. नाना म्हणाले, “मुलगा उत्तम आहे. पट्टी दोन्ही बाजूंनी बघतो.” एवढ्यावर लग्न ठरलं. ऑइल नंतर स्टँडजवळच्या दुकानातून आणून मुलानं स्वतःच्या हातानं घातलं, दोन हप्त्यांत.

जावई आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पुण्याहून पट्टीचा फोटो पाठवतो. मध्यंतरी त्यानं नवी बीएस-६ डिझेल गाडी घेतली आणि एक नवल घडलं. ऑइल घातलं नव्हतं, तरी पातळी चढत होती. नाना हरखून गेले. पाऊस नाही आणि धरण भरतंय! चार दिवस ते पुस्तकं चाळत होते. निघालं ते असं: धुराच्या नळीतली जाळी काजळीनं भरली की गाडी जास्तीचं डिझेल सोडून ती काजळी जाळते, पण पुण्याच्या रहदारीत दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत जाळणं पुरं होत नाही आणि ते डिझेल झिरपून ऑइलमध्ये उतरतं. पट्टी वर चढते, ऑइल पातळ होतं. त्यावर उपाय म्हणून नानांनी फर्मान काढलं की महिन्यातून एकदा गाडी मोठ्या रस्त्यावर काढून सलग सांगलीपर्यंत आणावी, आणि वाढलेलं ऑइल लगेच बदलावं. त्यामुळं भाची नियमित माहेरी येते. नानी म्हणतात, पन्नास वर्षांत ह्यांनी केलेली ही पहिली उपयोगाची गोष्ट.

परवाचा फोटो सातारच्या अलीकडून आला, हायवेवरच्या कुठल्याशा हॉटेलसमोरून. पट्टी आडवी धरलेली, रेष स्वच्छ, मॅक्सच्या खाली दोन दोरे. मला तर पूर्ण गुण द्यावेसे वाटले. नानांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, चष्मा बदलला आणि फोन लावला.

“अरे, बॉनेटच्या कडेला चहाचा ग्लास ठेवलायस.”

“हो नाना. गरम होता म्हणून.”

“त्यातला चहा बघ. काठाला एका बाजूनं वर चढलाय. गाडीचं तोंड खाली आहे.”

पलीकडं शांतता. मग जावयाचा आवाज, “सपाटावर घेतो नाना. पण इंजिन परत चालू करावं लागेल. मग किती थांबू?”

“दहा मिनिटं,” नाना खुर्चीत मागं रेलले. “फोन ठेवू नको, तोवर सांगतो. नव्याण्णव साली मार्चमध्ये आम्ही कोयनेला होतो...”